‘राहू दे’चं बटण

आमच्या खेळाला एकोणीस शेवट आहेत. ते सगळेच्या सगळे पाहिलेलं माणूस जगात एकच आहे, आणि तिला त्यातला एकही आवडत नाही.

आम्ही तिला समाप्तबाई म्हणतो. तोंडावर नुसतं बाई. वय बावन्न. ऑफिसात तिच्या खालोखाल म्हातारा मी, आणि मी एक्केचाळीसचा. बाकी सगळी पोरं अशी की चाळिशीचा चष्मा दिसला की उठून खुर्ची देतात. मला त्याचा राग येतो. बाईला येत नाही, ती खुर्ची घेते.

आधी खेळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खेळ संगणकावरचा. खेळणारा एका बर्फाळ खिंडीतल्या छावणीचा नाईक असतो आणि त्याला हिवाळाभर छावणी टिकवायची असते. लढाया नावापुरत्या. खरा खेळ निर्णयांचा. दाराशी कुणी आलं, कुणी धान्य चोरलं, कुणी तापाने फणफणलं, की पडद्यावर दोन-तीन बटणं येतात आणि त्यातलं एक दाबावं लागतं. दाबलेलं प्रत्येक बटण खेळ ध्यानात ठेवतो आणि वसंतात त्याचा जाब विचारतो. कुणाची छावणी तगते, कुणाची रिकामी होते, कुणी स्वतःच बर्फात निघून जातो. असे एकोणीस प्रकार. बटणांवरचे शब्द आणि सगळे संवाद मी लिहितो. कुठलं बटण दाबलं की काय घडायचं, ही जोडाजोड ज्याच्याकडे आहे त्याला आम्ही जोडारी म्हणतो. आणि आम्ही दोघांनी घातलेला घोळ शोधून काढायला बाई.

आमच्याकडे येण्याआधी ती एका छापखान्यात बसच्या वेळापत्रकांची मुद्रितं तपासायची. बावीस वर्षं. सुटण्याच्या आधीच पोचलेल्या बस तिने पकडल्यात. छापखाना बंद पडला आणि कुणीतरी तिला आमच्याकडे पाठवलं. मुलाखतीत तिने सरळ सांगितलं की मला खेळायला येत नाही. आम्ही म्हटलं, उत्तम, खेळायला येणारे आमच्याकडे ढिगाने पडलेत, पण त्यांना चुका दिसत नाहीत.

तिची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. समोर दोन पडदे, आणि मध्ये रेघा मारलेली जाड वही. संगणकात नोंद ठेवायची सोय आहे, पण तिचा संगणकावर विश्वास नाही, तिच्या मते तपासायचंय तेच त्याला आणि वर त्यालाच कसं विचारायचं. वहीत डावीकडे बटण, मध्ये काय झालं, उजवीकडे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. म्हातारा पहारेकरी मरतो तो प्रसंग चार मिनिटांचा आहे आणि त्यात एकही बटण नाही. तिथे खेळणारे रडतात, अशी पत्रं येतात आम्हाला. बाई तिथे डबा उघडते. तो पहारेकरी तिच्यासमोर सहाशे वेळा तरी मेला असेल. एकदा मी विचारलं, काहीच वाटत नाही का हो? तर म्हणाली, “वाटतं की. मेला की मला जेवायला मिळतं.”

विनोद म्हणून बोलली, पण थकवा खरा होता. मनगटाला पट्टा, डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब, आणि चेहऱ्यावर कायम एक भाव, की झालं का तुमचं, आता मी बसू का. सगळ्यांना सगळे प्रकार करून पाहायची हौस असते असं आम्ही जाहिरातीत लिहितो. एखाद्याला नोकरीच ती लागली की हौस किती टिकते ते बाईकडे बघून कळावं. खेळातल्या एकाच माणसाला वाचवूनही पाहा, मारूनही पाहा, हाकलूनही पाहा, आणि तिन्हीपुढे ‘बरोबर’ लिहा.

आमच्याकडे एक नियम आहे. ‘आयुष्यात मागे जाऊन दुसरं बटण दाबता येत नाही’ असं कुणी बोललं, की त्याने त्या दिवशीचे सगळ्यांचे कप धुवायचे. नवा माणूस पहिल्या आठवड्यात धुतोच. बाईने आजवर एकही कप धुतलेला नाही.

तिला एक धाकटी बहीण आहे. बारा वर्षांनी लहान, जवळजवळ बाईनेच वाढवलेली. गेली चार वर्षं दोघींचं बोलणं नाही. हे ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं, कारण आमची टेबलं शेजारी आहेत आणि दुपारी डोळ्यांत थेंब घातले की बाईला पाच मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं, तेव्हा ती बोलते. धाकटी नवऱ्याशी भांडून एका बॅगेनिशी आली होती आणि पाच महिने राहिली. मग परत गेली. त्यानंतर आई वारली तेव्हा येऊन दोन तास बसली, पाणीसुद्धा न घेता उठली. बाईने फोन केले, पत्र लिहिलं. काही नाही. “माझं काय चुकलं, एवढं एक तिनं सांगावं,” बाई मिटल्या डोळ्यांनी म्हणायची. “शिक्षा भोगते मी, पण गुन्हा तरी कळू दे.” मी आपला हूं हूं करायचो. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात मी फक्त हूं करतो.

खेळ बाजारात आणायच्या दोन महिने आधी आम्ही तो बाहेरच्या दोनशे लोकांना खेळायला दिला. त्यातल्या एकाचं पत्र आलं. चार ओळींचं. ‘दाराशी आलेल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला मी राहू दे म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती दाराबाहेर गोठून मेलेली सापडली. मी तिला आत घेतलं होतं. तुम्ही तिला का मारलंत?’

मी हसलो. हल्ली लोक बटण काय दाबतात ते बघतसुद्धा नाहीत, असं काहीतरी बोललो. बाईने वही उघडली, पान काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. खेळातला नाईकाचा सहायक विचारतो, ‘हिला खालच्या गावी पोचवू का?’ बटणं दोन. ‘पोचव’ आणि ‘राहू दे’. राहू दे दाबलं, की ती शिवणकामवाली बाहेर, तिसऱ्या दिवशी मृत, पुढे शेवट अकरावा, रिकामी छावणी. उजवीकडे बाईच्या टपोऱ्या अक्षरात ‘बरोबर’. आठ महिन्यांत एकतीस वेळा ‘बरोबर’.

“बरोबर कसं?” मी म्हणालो. “राहू दे म्हणजे तिला इथे राहू दे. मी तेच लिहिलंय.”

“राहू दे म्हणजे असू दे. नको. पोचवू का, तर नको.”

“बाई, राहू दे म्हणजे ठेवून घे!”

“लेखकराव, भाजीवाला पिशवी देऊ का विचारतो, तेव्हा तुम्ही राहू दे म्हणता. तुम्ही त्याला पिशवी ठेवून घेता का?”

जोडाऱ्याला बोलावलं. तो आला, त्याने आतलं उलगडून पाहिलं आणि कानाची पाळी ओढायला लागला. ते त्याचं लक्षण वाईट. झालं होतं असं, की खेळात छावणीच्या दुकानात काही घ्यायचं रद्द करायचं असेल तर तिथेही बटणावर मी ‘राहू दे’ लिहिलं होतं. ‘रद्द’ म्हणजे कचेरीतला शब्द, छावणीत शोभत नाही, म्हणून. मोठा शहाणा मी. आमची एक यंत्रणा सारखे शब्द दिसले की जागा वाचवायला त्यांचा एकच शब्द करते. दुकानातली एकशे चाळीस आणि दारातलं एक, अशी सगळी मिळून एक ‘राहू दे’ झालं आणि त्याच्यामागे काम लागलं एकच, रद्द कर. म्हणजे खेळणारा दयेने बटण दाबायचा आणि खेळ समजायचा की यानं काही ठरवलंच नाही. मग ठरवलं नाही तर जे होतं ते व्हायचं. बर्फ पडायचं.

माझ्या कागदावर मी कडेला लिहिलं होतं, ‘ठेवून घेणे’. यंत्रणेने कडेचं वाचलं नाही. त्यावरून मी जोडाऱ्यावर बराच खेकसलो, तो माझ्यावर खेकसला. बाई वहीतल्या त्या पानाकडे बघत होती. मला वाटलं, आठ महिने चूक सुटली म्हणून वाईट वाटतंय. म्हटलं, जाऊ द्या हो, सगळ्यांचंच चुकलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून सांगायला लागली.

“त्या वेळी आई अंथरुणाला खिळलेली. दोन खोल्या. पहाटे तिचं सगळं करायचं, मग छापखाना, मग परत तिचं. त्यात धाकटी आली. आली ती झोपली. पाच महिने झोपली म्हणा. उठायची, भिंतीकडे बघायची, परत झोपायची. आईला पाणी देशील का म्हटलं तर द्यायची, नाही असं नाही, पण सांगावं लागायचं. मग तिच्या नवऱ्याचा फोन आला, चुकलं, पाठवून द्या. मी तिला म्हटलं, बघ बाई तुझं तू. तिनं बॅग भरली. मीच कपडे घड्या करून दिले. दारात बसून बुटाची नाडी बांधत होती, तेव्हा मी विचारलं, गाडी बोलावू का? ती म्हणाली, राहू दे, ताई.”

एवढं सांगून बाई थांबली. थेंब गालावर आला होता तो तिने रुमालाने टिपला.

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, बरं. मग बसनं जा. अकरा चाळीसची थेट आहे.”

अकरा चाळीसची. बावीस वर्षं वेळापत्रकं तपासलेली बाई ती, तिला तोंडपाठच असणार. धाकटी त्या बसने गेली आणि पुढे दीड वर्ष त्या घरात राहिली. त्या दीड वर्षात काय झालं ते बाईला इतरांकडून थोडंथोडं कळलं होतं, आणि त्यातलं तिने मला काहीच सांगितलं नाही. मग धाकटी एकटीच तिथून निघाली आणि दुसऱ्या गावात लिफ्टच्या कंपनीत नोकरीला लागली. अडकलेल्या लोकांचे फोन घेते. घाबरू नका, माणूस निघालाय, असं दिवसभर सांगते.

“यंत्रणेचं एक वेळ ठीक आहे,” बाई म्हणाली. “तिला सगळे शब्द सारखे. पण मी सख्खी बहीण ना तिची. मलाही ते रद्दच ऐकू आलं.”

मी म्हटलं, तुम्ही थकला होतात, घरात आजारपण, कुणालाही तसंच ऐकू आलं असतं. माझा तो विश्वास होता. शब्द दुअर्थी, चूक शब्दाची. लेखक माणूस दोष द्यायला आधी शब्द शोधतो. मी तर म्हटलं, लावा फोन आणि सांगा, गैरसमज झाला होता. ती म्हणाली, बघते.

इकडे आम्ही बटण बदललं. आता त्यावर साफ लिहिलं, ‘हिला इथेच राहू दे’. आणि खाली बारीक अक्षरात, खेळातल्या बाकीच्या निर्णयांखाली असतं तसं, ‘रोज एका माणसाचं धान्य जास्त’. जोडाऱ्याने ते वेगळं जोडलं, बाईने ते वेगळं तपासलं, आणि खेळ पुन्हा त्याच दोनशे जणांना दिला, नव्याने सुरुवातीपासून.

आठवड्याने आकडे आले. जुन्या खेळात दहापैकी सात जणांनी ‘राहू दे’ दाबलं होतं. मी मनातल्या मनात म्हणायचो, बघा, लोक चांगले असतात. नव्या खेळात दहापैकी सहा जणांनी ‘पोचव’ दाबलं. तीच माणसं, तीच शिवणकामवाली, तेच बर्फ.

जोडारी म्हणाला की त्यांना आधीचा खेळ आठवत असेल, म्हणून वेगळं करून पाहिलं असेल. असेलही. मी म्हणालो की धान्याची ओळ वाचून बिचकले. आमचा वाद पंधरा-वीस मिनिटं चालला. मग बाई म्हणाली,

“तसं नाही ते. धान्याचं त्यांना तेव्हाही कळत होतं. पण तेव्हाच्या शब्दात दोन्ही होतं. ठेवूनही घेतल्यासारखं आणि काहीच न केल्यासारखंही. बटण दाबून मोकळं. आता लिहून टाकलंत, आता उत्तर द्यावं लागतंय.”

जोडारी आकड्यांचा कागद घेऊन गेला. बाई तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“तिनं ‘ना’ लावला होता.”

“काय?”

“राहू दे ना, ताई. असं म्हणाली होती ती. तुम्हाला सांगताना मी ‘ना’ गाळला. गाडी नको असलेलं माणूस त्या सुरात ‘ना’ म्हणत नाही. आणि नाडी एकच बांधली होती तिनं. दुसरा बूट हातात धरून बसली होती. मला ‘ना’ ऐकू आला होता, लेखकराव. त्याच वेळी ऐकू आला होता. आणि मी म्हटलं, बरं.”

तिच्यावर रागवावं की तिच्या खांद्यावर हात ठेवावा, मला सुचेना. खरं सांगायचं तर आधी राग आला. माझ्याकडून आठवडाभर सांत्वन करून घेतलं म्हणून. मग तिच्या मनगटाचा तो मळका पट्टा दिसला आणि राग गेला. एवढं थकलेलं माणूस दारातल्या दुसऱ्या थकलेल्या माणसाला काय देणार होतं? पण हे मी तिला बोललो नाही. तिला आता सूट नको होती, आणि ती माझ्या हातातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मला जिन्यात घेऊन गेली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये एक खिडकी आहे, तिथे फोन नीट लागतो. म्हणाली, “तुम्ही इथंच उभे राहा. एकटी असले तर मी तब्येत-पाण्यावर जाईन.” नंबर घरचा नव्हता, तो धाकटी उचलतच नसे. लिफ्टच्या कंपनीचा लावला. तिकडून काय म्हणाले असतील ते मला माहीत आहे, कारण बाई म्हणाली, “नाही, मी अडकलेली नाही. मी ताई बोलतेय.”

मी खिडकीतून खाली समोरच्या इमारतीची काच पुसणारा माणूस बघत राहिलो. बाई जिन्याच्या पायरीवर बसली.

“नाही, कुणाला काही झालेलं नाही. एक सांगायला फोन केला. तू दारात राहू दे ना म्हणालीस, त्या दिवशी. मला कळलं होतं ते. गैरसमज नव्हता. मला कळलं होतं आणि मी तुला बस सांगितली.”

पुढे ती फारसं काही बोललीच नाही. हो म्हणाली, दोनदा. एकदा म्हणाली, “तू स्पष्ट का नाही बोललीस गं?” आणि उत्तर ऐकताना तिने डोक्यावरून हात फिरवला, बायका लहान मुलीच्या डोक्यावरून फिरवतात तसा, पण स्वतःच्याच. वरून कुणीतरी उतरत होतं, मी त्याला हाताने परत पाठवलं. सुट्टी संपल्याला दहा मिनिटं होऊन गेली होती.

फोन बंद झाल्यावर ती तशीच बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, स्पष्ट बोलले असते आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मला ते ऐकावं लागलं असतं. म्हणून तसं बोलले. तुलाही सोपं, मलाही सोपं.”

“आणि कळलं होतं म्हणालात, त्यावर?”

“म्हणाली, मला माहीत आहे तुला कळलं होतं. म्हणून तर बोलत नव्हते. चार वर्षं तू फोन करून विचारतेस, माझं काय चुकलं. ते ऐकवत नव्हतं.”

मी विचारलं, येणार आहे का. विचारायला नको होतं, पण मला शेवट हवा असतो, धंदाच तो आहे माझा.

“मी म्हटलं, ये राहायला. खोली रिकामीच आहे. तर नाही म्हणाली.” बाईने चष्मा काढून पदराने पुसला. “साफ नाही म्हणाली. येणार नाही, मला यायचं नाही. इतकं साफ आमच्या घरात कुणी कुणाशी बोललेलं नाही. मी म्हटलं, बरं. आणि मग दोघीही गप्प. तिच्याकडं मागं लोकांचे फोन वाजत होते, ऐकू येत होतं मला. अडकलेली माणसं असतील. पण तिनं ठेवला नाही. वाट बघितली मी, आता ठेवेल, आता ठेवेल. ठेवेचना. शेवटी मलाच म्हणावं लागलं, अगं, उचल ते.”